प्रस्थानापूर्वीची चिकित्सा : यात्रेकरू आणि घरचा वैद्य

वणी हे गावच यात्रेचे आहे. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत आणि आश्विनात घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत सप्तशृंगगडाकडे जाणारा भाविकांचा ओघ आपल्या दारावरून वाहत असतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे चैत्रोत्सवास पायी येतात, तर कोजागरीला नद्यांचे जल खांद्यावर घेऊन कावडीधारक गड चढतात. याच परिसरातील मंडळी दुसरीकडे पंढरपूर, चारधाम, अमरनाथ, हज अशा यात्रांना निघतात, तर काही जण परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे सहा-सहा महिने राहावयास जातात. अशा स्थितीत प्रवासात आजारी पडलेला रुग्ण आपणांस नवा नाही. परंतु प्रवासास निघण्यापूर्वी केवळ त्या प्रवासाच्या तयारीसाठी म्हणून वैद्याकडे आलेला रुग्ण मात्र विरळाच दिसतो. तिकिटे, गाडी, निवास, शिधा या सर्वांची चौकशी महिना-दोन महिने आधी होते. प्रकृतीची चौकशी मात्र आदल्या रात्री ‘उलट्यांची आणि जुलाबाची चार पुड्या द्या’ एवढ्यावर आटोपते.

ही चौकशी वेळेवर आणि नीट कशी व्हावी, त्यात घरच्या वैद्याने काय करावे आणि औषधालयाच्या चालकांनी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत. ज्या वैद्याने रुग्णाची प्रकृती, अग्नी, कोष्ठ, जुने व्याधी आणि घरातील परिस्थिती वर्षानुवर्षे पाहिली आहे, तो जे सांगू शकतो ते यात्रामार्गावरील तात्पुरत्या उपचारकेंद्रातील तज्ज्ञासही सांगता येत नाही. तेथे रुग्णाचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो.

शास्त्रदृष्टी

प्रवासाचा शरीरावर होणारा परिणाम आपल्या संहितांना अपरिचित नाही. अतिशय चालणे हे वातप्रकोपाच्या हेतूंमध्ये येते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात पंचकर्मानंतर वर्ज्य असे जे आठ महादोषकर भाव सांगितले आहेत, त्यांत रथक्षोभ म्हणजे वाहनाचे धक्के आणि अतिचंक्रमण म्हणजे फार चालणे या दोहोंचा समावेश आहे. यावरून व्यवहारातील पहिला नियम निघतो. प्रवासाच्या तोंडावर वमन, विरेचन यांसारखी शोधनकर्मे करू नयेत. ‘यात्रेआधी पोट साफ करून द्या’ ही मागणी नेहमीची असली तरी संसर्जनक्रम पूर्ण होऊन अग्नी व बल पूर्ववत होण्यास अवधी लागतो. तो हाती नसेल तर शोधन परतल्यावर करावे, हेच श्रेयस्कर.

दुसरा मुद्दा वेगविधारणाचा. सूत्रस्थानातील न धारण करण्याच्या तेरा वेगांपैकी मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, निद्रा आणि श्रमश्वास हे सहा वेग प्रवासात हमखास अडवले जातात. विशेषतः स्त्रिया वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी न पिणे आणि मूत्रवेग अडवणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की उन्हाचा त्रास आणि मूत्रमार्गाचा दाह हे दोन्ही संभवतात. संकोचामुळे रुग्णा हे स्वतःहून सांगत नाही, म्हणून वैद्यानेच तो विषय काढावा. शक्य असेल तेथे थांबे आधी ठरवून घेण्यास कुटुंबियांना सांगावे.

तिसरा मुद्दा ऋतूचा. चैत्रोत्सव येतो तेव्हा आदानकाळ भरात असतो आणि शरीरबल क्षीण होत चाललेले असते. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा हा शास्त्रादेश थंडीत व वसंतात सुद्धा लागू आहे. मग उन्हाळ्यात तो अधिकच कसोशीने पाळावयास हवा. नवसाची वाटचाल मात्र पूर्ण शक्तीच्याही पलीकडे केली जाते.

केव्हा यावे, काय पाहावे

प्रवास मोठा असेल तर निघण्यापूर्वी सहा आठवडे, निदान चार आठवडे आधी रुग्णाने येऊन जावे, असे आपण आपल्या कुटुंबांना सांगून ठेवावे. लसीकरण लागणार असेल तर प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दिवस लागतात. औषधाची मात्रा बदलावी लागली तर तिचा परिणाम घरी असतानाच पाहता येतो. चालण्याचा सराव वाढवावयाचा तर त्यासही हाच काळ हवा.

या भेटीत पुढील गोष्टी क्रमाने विचाराव्यात. कोठे, कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि कोणत्या वाहनाने जाणार? सोबत कोण आहे? तेथील उंची व तापमान काय? चालणे किती, चढ किती? उपवास किंवा अनवाणी चालण्याचा संकल्प आहे काय? सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत, आपली आणि इतर डॉक्टरांचीही? यानंतर रक्तदाब, नाडी, वजन, पावलांची तपासणी आणि आवश्यकतेनुसार रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी व हृदयालेख करून घ्यावा. चढताना छातीत दाटणे, थोड्या श्रमाने दम लागणे, अलीकडे झालेला हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया अशी लक्षणे वा इतिहास आढळल्यास हृदयरोगतज्ज्ञांचा अभिप्राय घेतल्याविना होकार देऊ नये.

येथे एक अवघड प्रसंग उभा राहतो. ‘देवीचे बोलावणे आले आहे, तुम्ही फक्त हो म्हणा’, असे सांगणाऱ्या भाविकास नकार देणे सोपे नसते. आमचे मत असे की नुसता नकार देऊन थांबू नये. पायी येणे झेपणार नसेल तर नांदुरीपर्यंत वाहनाने यावे. गडावरील पाचशेच्या आसपास पायऱ्यांऐवजी २०१८ साली सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीने मंदिरापर्यंत जावे. संपूर्ण वारीऐवजी एक टप्पा चालावा. चैत्राऐवजी मार्गशीर्षात दर्शन घ्यावे. वैद्याने असा पर्याय पुढे ठेवला की रुग्ण तो बहुधा स्वीकारतो. नुसत्या नकारानंतर तो न सांगताच निघून जाण्याचा संभव अधिक.

पायी यात्रा आणि ऊन

एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथील उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ती मंडळी चालत नव्हती, बसलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे भर दुपारी डांबरी रस्त्याने चालणाऱ्या यात्रेकरूचा धोका कळून येईल. पहाटे व सायंकाळी चालावे, सकाळी ११ ते सायंकाळी ४ सावलीत विसावा घ्यावा, डोके व मान सुती कापडाने झाकावी, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी घ्यावे. पन्हे, ताक, कोकमाचे सरबत, धने-जिऱ्याचे पाणी ही आपली पानके उत्तमच. मात्र मधुमेह्यास गुळाचे वा साखरेचे पन्हे आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णास खारट ताक देताना विचार करावा. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेली जलसंजीवनी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावी. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात ओतून देणे घातक ठरते.

घाम येत असून थकवा, चक्कर, पायात पेटके एवढेच असेल तर सावली, विश्रांती व पेय यांनी भागते. परंतु अंग तापलेले असून रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात होय. अशा वेळी तोंडाने काहीही न देता कपडे सैल करून अंगावर सतत पाणी टाकावे, वारा घालावा, काखेत व जांघेत थंड पट्ट्या ठेवाव्यात आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. येथे औषधी देण्यात वेळ दवडू नये. शीतोपचार आणि रुग्णालय हीच त्या वेळची चिकित्सा आहे.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या व मधुमेहावरील काही औषधे शरीरातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडास त्रास देतात. उन्हात, किंवा जुलाब होत असताना त्या कशा घ्याव्यात हे ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे. आपण परस्पर बंद करू नयेत आणि रुग्णासही करू देऊ नयेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ वा अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. लघवीच्या गोळ्या चालू असणाऱ्यास ते देताना हे स्मरणात असावे. लवणभास्कर चूर्णातील लवणाचे आणि सितोपलादीतील खडीसाखरेचे प्रमाणही यात्रेच्या पुड्या बांधताना विसरता कामा नये.

मधुमेही यात्रेकरूची पावले आवर्जून पाहावीत. पावलांची संवेदना कमी झालेल्या रुग्णास तापलेल्या रस्त्याचा चटका वा टोचलेला काटा कळतच नाही, आणि त्याच जखमेतून पुढे पाय गमावण्याची वेळ येते. अशा रुग्णाने अनवाणी चालण्याचा संकल्प करू नये. नवी पादत्राणे यात्रेच्या दिवशी प्रथम घालू नयेत. रोज रात्री पाय धुवून, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह तपासावेत. त्वचा अखंड असेल तर पादाभ्यंग अवश्य करावा, जखम असेल तर मात्र चोळू नये.

गडावर माकडांचा उपद्रव आहे. त्यांनी चावा वा ओरखडा काढल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन अलर्काची, म्हणजे रेबीजची लस सुरू करावी. हळद वा चुना लावून वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

उपवास आणि मधुमेह

नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास व गडाची चढण एकत्र येते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने नेहमीची मात्रा घेऊन आहार टाळला तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, कंप, भोवळ, गोंधळ ही लक्षणे दिसताच शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन चहाचे चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. साखर घेतल्याने व्रतभंग होईल ही शंका वैद्याने आधीच दूर करून ठेवावी. आतुरास व्रतनियमांत सवलत देण्याची आपली परंपरा आहे. यात्रेतील सोबत्यासही ही लक्षणे समजावून सांगावीत, कारण त्या क्षणी रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतो.

इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, बर्फास चिकटवूनही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. ओल्या कापडात गुंडाळलेले मातीचे लहान मडके प्रवासात चांगले काम देते. विमानप्रवासात ते सोबतच्या पिशवीत असावे, सामानकक्षात देऊ नये.

उंच प्रदेशातील यात्रा

सप्तशृंगगड समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तेथे विरळ हवेचा प्रश्न येत नाही. केदारनाथ मात्र सुमारे ३५८० मीटर आणि अमरनाथची गुहा सुमारे ३८८० मीटर उंचीवर आहे. २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही उंचीची लक्षणे संभवतात. बसल्या जागी दम लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना तोल जाणे ही चिन्हे दिसताच रुग्णास तत्काळ खाली उतरवावे. उतरणे हाच त्यावरील मुख्य उपचार. हेलिकॉप्टरने एकदम वर जाणाऱ्यास शरीराला सवय होण्याचा अवधीच मिळत नाही, हे ज्येष्ठांना विशेषत्वाने सांगावे. वाटेत एक-दोन मुक्काम वाढवणे हा औषधापेक्षा मोठा उपाय आहे.

अमरनाथ यात्रेच्या नोंदणीसाठी आरोग्य प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि ते श्राइन बोर्डाने अधिकृत केलेल्या डॉक्टर वा संस्थेचेच चालते. ओळखीखातर आपण दिलेली ‘फिट’ असल्याची चिठ्ठी तेथे उपयोगाची नाही. रुग्णास अधिकृत ठिकाणी पाठवावे आणि सोबत त्याचा खरा पूर्वेतिहास लिहून द्यावा. तपासणाऱ्यापासून दमा वा हृदयविकार लपवून मिळवलेले प्रमाणपत्र हे रुग्णाच्या हिताचे नसते.

परदेशगमन आणि आपली औषधे

या विषयात वैद्य व औषधालय या दोघांचीही जबाबदारी मोठी आहे. प्रवासातील अतिसारासाठी जातीफलादि चूर्ण हे आपल्याला सहज सुचणारे औषध. त्यात विजया, अर्थात भांग आहे. कर्पूर रसात अहिफेन आहे. सर्दी-पडशासाठी देण्यात येणाऱ्या नारदीय लक्ष्मीविलास रसात विजयाबीज व धत्तूरबीज येते. येथे ही औषधे शास्त्रोक्त व कायदेशीर आहेत. परंतु आखाती देशांत आणि अन्य अनेक देशांत भांग व अफू यांचा अंशही गंभीर गुन्हा मानला जातो. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे आपल्या स्वयंपाकघरातील खसखससुद्धा निषिद्ध आहे. नोकरीसाठी दुबईस निघालेल्या तरुणास वा उमऱ्यास जाणाऱ्या वृद्धेस आपण सद्भावनेने दिलेली पुडी विमानतळावर तुरुंगाचे कारण ठरू शकते. अशा रुग्णास अतिसारासाठी कुटजघनवटी व मुस्ता, मळमळीसाठी सुंठ वा आवळ्याची सुपारी असे निर्विष पर्याय द्यावेत आणि तेही घटकद्रव्यांची यादी असलेल्या मूळ वेष्टनात.

आसव-अरिष्टांमध्ये संधानातून उत्पन्न झालेला मद्यार्क असतो. ज्या देशांत मद्यार्कावर बंदी आहे तेथे त्यांऐवजी त्याच द्रव्यांचा क्वाथ, वटी वा चूर्ण योजावे. शिवाय आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सोबतच्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली सामान्यतः नेता येत नाही.

रसौषधींबाबत अधिक सावध असावे. २००४ साली अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून भारत शासनाने निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी बंधनकारक केली. तेव्हापासून पाश्चात्त्य देशांतील डॉक्टर ‘आयुर्वेदीय औषध घेतो’ असे ऐकताच रक्तातील शिसे तपासण्यास सांगतात, यात नवल नाही. तेथे मुलांकडे राहावयास जाणाऱ्या ज्येष्ठांना शक्यतो रसौषधीविरहित योजना करून द्यावी. द्यावीच लागल्यास कल्प, मात्रा व कालावधी लिहून द्यावा.

लसींच्या बाबतीत रुग्णास वेळेवर मार्ग दाखवणे हे आपले काम. हज-उमऱ्यासाठी मेनिन्गोकॉकल लस प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. तिचे प्रमाणपत्र घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य होते, २०१६ पासून ते आजन्म वैध आहे, आणि ही लस शासनमान्य केंद्रांतच मिळते. गर्भिणी, अर्भके व प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण यांचा निर्णय त्या केंद्रातील डॉक्टरांवर सोपवावा.

पुडीवरील नाव

औषधालयाच्या चालकांना आमची एक आग्रहाची विनंती आहे. कोऱ्या कागदाच्या पुड्या बांधून देण्याची आपली पद्धत जुनी आहे आणि गावात ती खपून जाते, कारण शंका आल्यास रुग्ण परत येऊन विचारतो. प्रवासात मात्र कोरी पुडी हा धोका आहे. रुग्ण बेशुद्धावस्थेत परगावच्या रुग्णालयात दाखल झाला तर त्याच्या खिशातील पांढऱ्या, तांबड्या चूर्णावरून तेथील डॉक्टरांना काहीच बोध होत नाही. औषध व गुण आपल्याच हातचे असले तरी त्याचे नाव रुग्णाबरोबर गेलेच पाहिजे. प्रवासासाठी दिलेल्या प्रत्येक पुडीवर वा डबीवर रुग्णाचे नाव, कल्पाचे नाव, मात्रा, अनुपान, तारीख व वैद्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. वत्सनाभ, धत्तूर, भल्लातक, अहिफेन, विजया, हरताल, पारद इत्यादी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना आवश्यक आहे. ती सुट्या पुडीवरही लिहिली जावी. देयक द्यावे आणि मूळ वेष्टन फोडू नये.

प्रवासपत्र

या सर्वांचे सार एका पानात मावते. आम्ही त्यास प्रवासपत्र म्हणतो. त्यात पुढील मजकूर असावा :

१. नाव, वय, रक्तगट, घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक.
२. चालू व्याधी आणि झालेल्या शस्त्रक्रिया.
३. चालू औषधे : आधुनिक औषधांची मूळ रासायनिक नावे व मात्रा, आयुर्वेदीय कल्पांची नावे व मुख्य घटक.
४. कोणत्या औषधाची वा पदार्थाची असात्म्यता आहे.
५. निघतेवेळचा रक्तदाब, रक्तशर्करा व हृदयालेखाची प्रत.
६. कोणती लक्षणे दिसल्यास प्रवास थांबवावा.
७. वैद्याचे नाव, नोंदणी क्रमांक, स्वाक्षरी व दिनांक.

देशांतर्गत प्रवासास ते हिंदीत व परदेशासाठी इंग्रजीत असावे. एक प्रत रुग्णाजवळ, एक सोबत्याजवळ आणि एक आपल्या नोंदवहीत. औषधे प्रवासाच्या दिवसांहून आठवडाभर अधिक द्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवण्यास सांगावे.

परतल्यानंतर

प्रवासानंतरची भेटही या चिकित्सेचाच भाग होय. परतल्यापासून काही आठवड्यांत ज्वर आल्यास रुग्णाने प्रवास कोठे केला हे प्रथम सांगावे आणि आपण विषमज्वर, हिवताप, डेंग्यू यांची तपासणी करून घ्यावी. केवळ श्रमज्वर समजून स्वस्थ बसू नये. लांबच्या बस वा विमानप्रवासानंतर एकाच पोटरीस सूज व वेदना असतील तर तेथे अभ्यंग वा मर्दन करू नये. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते, म्हणून त्वरित रुग्णालयात पाठवावे.

२०२७ च्या सिंहस्थातील स्नानांसाठी नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे यात्रेकरूंचा मोठा लोंढा येईल आणि त्यांतील अनेक जण आपल्या गडावरही येतील. शासनाची यंत्रणा आपले काम करीलच. आपण निदान आपल्या नोंदवहीतील मधुमेही, हृदयरोगी, दमेकरी व सत्तरीपुढील रुग्णांची यादी करून प्रत्येक उत्सवाच्या दीड महिना आधी त्यांना निरोप धाडावा, औषधालयांनी ‘यात्रेस निघण्यापूर्वी वैद्यांना भेटा’ अशी पाटी दर्शनी भागात लावावी आणि प्रवासपत्राचे कोरे नमुने ठेवावेत. यास खर्च नगण्य आहे. येत्या चैत्रोत्सवापासून आपापल्या चिकित्सालयांत याचा आरंभ करावा आणि आलेले अनुभव या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावेत, अशी सर्व वैद्य बंधू-भगिनींना व औषधालयचालकांना आमची नम्र विनंती आहे.